तो फोटो सीसीटीव्हीतला नाही, काका

परवा एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकांना कळलं की मी पेपरात फोटोग्राफर आहे. मसालेभात कालवता कालवता त्यांनी नेहमीचा प्रश्न टाकलाच, "समोर माणूस मरत असताना तुम्हाला फोटो कसे हो सुचतात?" मी विचारलं, कसाबचा तो फोटो आठवतो का? हातात एके-४७, पाठीवर सॅक? "म्हणजे काय!" मग तो काढला कुणी? "कुणी म्हणजे? सीसीटीव्हीतला ना तो?"

माझी जिलेबी पानात तशीच राहिली. तिथे बोललो नाही, म्हणून इथे लिहितोय.

तो फोटो सेबॅस्टियन डिसोझा यांचा. तेव्हा ते 'मुंबई मिरर'चे फोटो एडिटर होते. २६ नोव्हेंबर २००८, बुधवारची रात्र. ऑफिस टाइम्सच्या इमारतीत, म्हणजे सीएसटीच्या समोरच. गोळीबाराचं कळल्यावर ते कॅमेरे घेऊन पळाले ते स्टेशनच्या दिशेने. आत माणसं पडलेली. प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या गाडीच्या एका डब्यात ते शिरले, तिथून अँगल मिळेना म्हणून दुसऱ्या डब्यात गेले आणि कसाब व त्याचा साथीदार समोरून जायची वाट पाहत थांबले. ज्यांनी रात्रीच्या स्टेशनवर फोटो काढलेत त्यांना सांगायला नको, तो उजेड कसला असतो. फ्लॅश मारायची सोय नाही, शटर स्लो, हात जरा हलला की फ्रेम गेली. आणि त्या रात्री हात का हलू नये?

आता काकांचा प्रश्न. मदत का नाही केली? डिसोझांनी नंतर मुलाखतीत सांगितलंय की तिथे लपलेल्या सशस्त्र पोलिसांकडे जाऊन ते म्हणाले होते, गोळी घाला, समोर आहेत. गोळी सुटली नाही. हातात कॅमेऱ्याऐवजी बंदूक असती तर बरं झालं असतं, असंही ते म्हणाले होते. (सगळ्या पोलिसांना एका मापाने मोजू नका. रेल्वे पोलिसांचे इन्स्पेक्टर शशांक शिंदे त्याच स्टेशनात लढताना गेले. आणि अनाउन्सर विष्णू झेंडे माइक न सोडता लोकांना बाहेर काढत राहिले.)

पुढे खटल्यात डिसोझा आणि 'टाइम्स'चे श्रीराम वेर्णेकर, दोघांनीही साक्ष दिली. २९ ऑगस्ट २०१२ ला सुप्रीम कोर्टाने फाशी कायम केली, त्या निकालपत्रात या दोघांबद्दल लिहिलंय. स्वतःच्या जिवाची पर्वा न करता ते मारेकऱ्यांच्या मागोमाग गेले, आणि त्यांनी आरोपीला इतक्या जवळून पाहिलंय की ओळखण्यात चूक व्हायचा प्रश्नच नाही, असा त्याचा आशय. आणि त्याच निकालपत्रात कोर्टाने टीव्ही चॅनेलवाल्यांना लाइव्ह प्रक्षेपणावरून चांगलंच झापलंय, कारण आत लपलेल्या अतिरेक्यांच्या पाकिस्तानातल्या सूत्रधारांना बाहेरची हालचाल घरबसल्या दिसत होती. घटना तीच, कॅमेरे दोन्हीकडे. एकाचं कौतुक, दुसऱ्याचे कान उपटलेले. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. 'प्रेसवाले' म्हणून सगळ्यांना एकाच टोपलीत टाकणाऱ्यांनी तो वाचावा. आणि फोटो फॉरवर्ड करताना खालचं नाव क्रॉप करणाऱ्यांनी तर नक्कीच.

माझी त्यांच्याशी बरोबरी नाही, उगाच गैरसमज नको. पण २०१९ च्या महापुरात कोल्हापूरकडच्या एका गावात मी बोटीत होतो. एक मामा घराच्या पत्र्यावरून ओरडले, "फोटो काय काढतोयस लेका, हात दे!" दिला. त्याआधी दोन फ्रेम मारल्या होत्या, खोटं कशाला बोलू. बोटीत बसल्यावरही ते शिव्या देत होते, आणि त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

दीड महिन्याने अनोळखी नंबरवरून फोन आला. तेच मामा. नंबर कुठून शोधला देव जाणे. आवाज खाली आलेला. घर पडलं होतं, पंचनाम्याला दाखवायला काही नव्हतं.

"त्या फोटोत भिंत दिसतीया न्हवं आमची?"

दिसत होती. उजव्या कोपऱ्यात, पत्र्याखाली.