‘डब्याला भोक कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

“भोकच पाडायचं तर आयपी ६७ चा डबा घ्यायचा कशाला? चांगलं गास्केट, चारी बाजूंनी सिलिकॉन आणि आत सिलिका जेलच्या दोन पुड्या. माझे डबे असेच चालतात. उगाच लोकांना घाबरवू नका,” असं तुम्ही माझ्या लेखावर लिहिलंय. उघड्यावर टांगायच्या सर्किटच्या डब्याला एक भोक पाडा आणि त्यावर हवा जाऊ देणारी पडदी लावा, असं मी त्यात सुचवलं होतं. (आयपी ६७ म्हणजे धूळ आत न जाणारा आणि थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी चालणारा डबा, गास्केट म्हणजे झाकणाखालची रबरी पट्टी.) महागाच्या डब्याला ड्रिल लावायला माझाही हात धजावत नव्हता, त्यामुळे तुमचा वैताग कळतो.

डबा घरात, सावलीत असेल आणि तापमान फारसं हलत नसेल, तर तुमची पद्धत खुशाल वापरा. माझा लेख उन्हापावसात टांगलेल्या डब्यांबद्दल होता. तिथे गणित बदलतं.

दोन लिटरचा डबा ३० अंशांना, ८० टक्के आर्द्रतेत बंद केला, तर आतल्या हवेत वाफेच्या रूपात पाणी असतं जेमतेम ५० मिलिग्रॅम. म्हणजे एक थेंब. मी असाच एक डबा तुमच्या पद्धतीने, अगदी हौसेने सील केला होता. पावसाळ्यानंतर उघडला तर तळाशी चमचाभर पाणी! म्हणजे जवळजवळ शंभरपट. एवढं पाणी कोंडलेल्या हवेतून निघणं शक्यच नाही, ते बाहेरून आलं होतं.

आलं कसं? उन्हात डबा ६० अंशांपर्यंत तापतो, हवा फुगते आणि कुठल्यातरी बारीक फटीतून थोडी बाहेर पडते. मग पावसाची सर येते आणि डबा झटकन २५ अंशांवर उतरतो. आतला दाब सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. ही ओढ एक मीटर पाण्याच्या दाबाएवढी असते. आयपी ६७ ची चाचणीही एक मीटर खोलीचीच, अर्ध्या तासाची. पण त्या चाचणीत पाणी आणि डबा यांच्या तापमानात पाच अंशांहून जास्त फरक चालत नाही. तापलेल्या डब्यावर गार पाणी हा प्रसंग त्या परीक्षेच्या अभ्यासक्रमातच नाही, आणि तुमचा डबा तर रोज त्याला सामोरा जातो.

माझं गास्केट शाबूत होतं. पाणी शिरलं केबलमधून. केबल डब्यात शिरते तिथे बसवलेला ग्लँड तिचं बाहेरचं आवरण आवळतो, आतल्या तारांच्या बारीक पेडांमधली जागा मोकळीच राहते. केबलचं दुसरं टोक ओलं होतं आणि डबा स्ट्रॉने सरबत ओढावं तसा पाणी ओढत होता.

म्हणून ते भोक, आणि त्यावर व्हेंटची पडदी. तिच्यातून हवा आणि वाफ जाते, पाण्याचा थेंब जात नाही. दाब साठतच नाही, मग ओढ कसली? वाफ आतही येणार हे खरं. दमट रात्री आत धुकट होऊ शकतं. पण आलेली वाफ परत जाते. सीलबंद डब्यात मात्र शिरलेलं पाणी अडकून बसतं. शिवाय सर्किट रात्रीही चालू ठेवा. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहा अंशांनी वर राहिलं, तर सापेक्ष आर्द्रता जवळपास निम्मी होते.

सिलिका जेलबद्दल एवढंच, की दहा ग्रॅमची पुडी दोन-अडीच ग्रॅम पाणी धरते आणि मग भरते. भरलेली पुडी दुपारी तापली की तेच पाणी पुन्हा हवेत सोडते. पुड्या बदलत राहणार असाल तर उत्तम, पण “ठेवा आणि विसरा” यातल्या ‘विसरा’ला माझा विरोध आहे. आणि सिलिकॉन कोणतं वापरता? व्हिनेगरसारखा वास येणारं असेल तर ते सुकताना निघणारं अ‍ॅसिड तांब्याला खातं. ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं, म्हणजे सुकताना असं अ‍ॅसिड न सोडणारं घ्या.

एक चूक माझीही. सर्किट बोर्डावर कन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे संरक्षक लेपाचा पातळ थर, मारलं की पाण्याची चिंता मिटली, असं मी मूळ लेखात लिहून गेलो होतो. ते चुकीचं आहे. बहुतेक कोटिंगमधून वाफ हळूहळू झिरपते, आणि खाली फ्लक्सचा, म्हणजे सोल्डरिंगला वापरतात त्या रसायनाचा, थर राहिला असेल तर गंज कोटिंगखालीच सुरू होतो. आधी बोर्ड धुवा, नीट वाळवा, मग कोटिंग. लेखात दुरुस्ती केली आहे.

तुमचे डबे चालतात, यावर माझा विश्वास आहे. त्यातला सर्वात जुना, उन्हातला एखादा उघडून बघाल का? केबलचं बाहेरचं आवरण इंचभर सोला आणि तारा काळ्या-हिरव्या पडल्यात का ते इथेच कळवा.