पिशवी न घेता

आमच्या गल्लीत बाई पिशवी न घेता बाहेर पडली की दोन घरांतून तरी विचारणा होते, "कुठं निघालीस गं?" मंडई, देऊळ, भिशी, काहीही सांगा, चालतं. "अशीच, झाडं बघायला" हे मात्र चालत नाही. लग्न होऊन बेळगावात टिळकवाडीत आले त्याला चोवीस वर्षं झाली. व्हॅक्सिन डेपोचं झाडांनी भरलेलं आवार घरापासून चालत दहा मिनिटांवर. तरी तिथल्या जुन्या झाडांखाली एकटी जाऊन मी पहिल्यांदा बसले ती स्तनाचा कॅन्सर झाल्यावर. "डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय" म्हटलं की सगळ्यांची तोंडं बंद. सासूबाईंचीसुद्धा!

मागच्या जुलैत गाठ हाताला लागली. ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं, डाव्या काखेतल्या गाठीही काढल्या. मग केमो: चार लाल औषधाचे, तीन-तीन आठवड्यांनी, नंतर बारा दर आठवड्याचे. मग रेडिएशनची पंधरा सिटिंग. आता रोज एक गोळी, निदान पाच वर्षं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणी मला लक्ष्मणफळाच्या पाल्याचे मेसेज पाठवू नयेत. आजार औषधांनी हटवला. रानानं नाही. रानाचं काम त्यानंतर सुरू झालं.

आठवड्याच्या केमोला शेजारच्या खुर्चीत सौंदत्तीकडची एक अक्का असायची. माझं कन्नड मोडकं, तिचं मराठी त्याहून मोडकं. केमोच्या वॉर्डात सीमाप्रश्न नसतो, सलाईन संपत आली की दोन्ही भाषांत सिस्टरलाच हाका. समोरच्या खिडकीतून दिसायचे पार्किंगचे पत्रे. अमेरिकेत रॉजर उलरिच नावाच्या संशोधकानं 1984 साली लिहिलं होतं की पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर खिडकीतून झाडं दिसणारे पेशंट विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. हे ह्यांनी मला मोबाईलवर वाचून दाखवलं. अभ्यास छोटा, 46 पेशंटचाच, पण त्या पत्र्यांकडं बघताना मला तो शंभर टक्के पटला.

अक्कानं एकदा माहेर विचारलं. कणकुंबी म्हटल्यावर ती सलाईनचा हात विसरून उठूनच बसली. "म्हणजे आमचं पाणी तुमच्याकडनंच येतं की!" खरंच होतं. मलप्रभा आमच्या माउलीच्या देवळाजवळ उगम पावते आणि तिकडं सौंदत्तीजवळ नविलुतीर्थच्या धरणात अडते. मी लहानपणापासून त्या कुंडातलं पाणी बघितलं, पण ते पुढं कुठं जातं हे कधी मनात आलं नव्हतं. तिनं आयुष्यभर ते पाणी शेताला दिलं, येतं कुठून ते बघितलं नव्हतं. पुढचे आठवडे आम्ही हेच बोललो. तिची काळी जमीन, जोंधळा, हरभरा. आमची तांबडी माती, काजू, आणि रात्री शिवारात घुसणारे गवे. औषध थेंबथेंब अंगात जायचं आणि आम्ही गव्यांवर.

मे महिन्यात माहेरी गेले. जांबोटी सोडलं की गाडीच्या काचा खाली करायच्या, हा आमच्या घरचा नियमच आहे. तिथल्या रानाचा बराचसा भाग 2011 पासून भीमगड अभयारण्य झालाय, पण आईच्या लेखी ते रानच. डोक्यावर बोटभर केस आले होते. बांधावर गेल्यावर स्कार्फ काढून कमरेला बांधला. बघायला होत्या त्या शेळ्या, आणि त्यांना काही पडलेली नव्हती.

केमोच्या दिवसांत कच्चं खायला बंदी होती आणि तोंडात कायम लोखंडाची चव. त्यामुळं जाळीतलं पहिलं करवंद धुवून तोंडात टाकलं तेव्हा ते इतकं आंबट लागलं की डोळ्यांत पाणी आलं. आंबटपणाचंच पाणी होतं, उगाच काव्य करत नाही.

खरी गंमत लाजाळूची. त्या बारा केमोंनी बोटांची टोकं बधिर झालीत. ब्लाऊजचा हूक लावताना बघून लावावा लागतो. बांधावर लाजाळू पसरली होती, तिच्यावर बोट फिरवलं. मला काहीच कळलं नाही, पण पानं मात्र भराभर मिटली. माझा स्पर्श मला कळत नव्हता, तिला कळत होता. मी तिथं अर्धा तास बसून ते करत राहिले. चाळिशी ओलांडलेली बाई, लाजाळूशी खेळत. आईनं लांबून बघितलं आणि काही न बोलता चहा टाकायला गेली.

जुलैत रोप लावणीला परत गेले. वहिनी ओरडली, "बस की गुमान! हाताला काय झालं तर दादा मला बोलतील." काखेतल्या गाठी काढलेल्या त्या डाव्या हाताला सुई नको, बीपीचा पट्टा नको, जड एकदम उचलायचं नाही, कापलं तर लगेच धुवायचं, सूज दिसली तर दाखवायचं, हे सगळं मला पाठ आहे. पण हात वापरूच नको असं कुणी सांगितलेलं नाही. उलट भिंतीवर बोटांनी वर चढायचा व्यायाम दिलाय, तो मी रोज करते. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे चढवून खाचरात उतरले आणि दोन ओळी लावल्या. वाकड्या आल्या. "ह्या ओळी कुणाच्या ते भात कापेपर्यंत कळणार," वहिनी म्हणाली आणि सगळ्या बायका हसल्या. वर्षभरात माझ्या हाताला कुणी पहिल्यांदा हसलं होतं. नाहीतर सगळे त्याच्याकडं काचेचं भांडं असल्यासारखे बघायचे.

आता राग कशाचा आहे ते सांगते. टिळकवाडीत परत आल्यावर शेजारीण म्हणाली, "आता बरी झालीस की, अजून कशाला रोज जातीस फिरायला?" म्हणजे माझ्या परवान्याची मुदत संपली! आजारी होते तोवर झाडाखाली बसायची मुभा, बरी झाले की परत पिशवी घ्यायची. त्या शेजारणीनं स्वतः कधी डेपोत पाय ठेवलेला नाही. गुडघे दुखतात, झोप नाही, रात्री दोनला उठून बसते. तिला कुणी चिठ्ठी लिहून देत नाही कारण तिला 'काही झालेलं' नाही. मी तिला चल म्हटलं. म्हणाली, घरात काय सांगू?

लावणीच्याच आठवड्यात सौंदत्तीहून व्हॉइस मेसेज आला होता. "अक्का, मळे बंता?" पाऊस आला का. आमच्याकडं चार दिवस धार तुटली नव्हती. मी चपला घातल्या. आईनं विचारलं, "कुठं?"

"पाणी बघायला."

आईनं खुंटीवरची छत्री काढून दिली. कुंडाशी उभी राहून अर्ध्या मिनिटाचा आवाज रेकॉर्ड केला, छत्रीवरचा पाऊस आणि खाली पळणारं पाणी, आणि पाठवून दिला.

काही दिवसांनी तिचं उत्तर आलं, पाणी आलं म्हणून. पाठीमागं मोटरचा आवाज होता.

"नीरु बंतु, अक्का."