कुलूप बदलायला सांगणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

परवा रात्री आत्याचा फोन आला, "कुलूप बदलू का रे? ग्रुपवर तसंच आलंय." आतेभाऊ कोकेन सोडून नऊ महिने क्लीन होता. मागच्या आठवड्यात त्याची स्लिप झाली, म्हणजे त्याने पुन्हा एकदा घेतलं, आणि नेमका आत्ताच तो मेसेज नातेवाइकांत फिरतोय: कोकेन चार दिवसांत शरीरातून जातं, त्यानंतर टेन्शनचं नाव सांगून घेणारा नाटक करतो, कॉर्टिसॉल हे तणावाचं हार्मोन उतरवणारा काढा द्या, व्यसन मुळासकट जाईल, डॉक्टरकडे नेलं तर पोलिस केस होते, पुन्हा घेतलंच तर घराबाहेर काढा, अद्दल घडेल.

चार दिवसांचं अर्धं खरं आहे. लघवीत कोकेनचे अवशेष साधारण दोन-चार दिवसच सापडतात. पण तपासणी कोरी आली म्हणजे मेंदू पूर्ववत झाला, असं होत नाही.

टेन्शन ही सबब? मॉन्ट्रियलच्या कॉनकॉर्डिया विद्यापीठात सुझॅन अर्ब, यावीन शहाम आणि जेन स्टुअर्ट यांनी उंदरांना दांडी दाबून कोकेन घ्यायची सवय लावली. मग कोकेन बंद केलं. दाबून काही मिळेना, तेव्हा उंदरांनी दांडीचा नाद सोडला. कित्येक आठवडे कोकेनशिवाय गेल्यावर त्यांच्या पायांना विजेचे हलके झटके दिले, तर ते पुन्हा तीच दांडी दाबायला लागले. उंदीर कुणापुढे नाटक करत होते?

तणाव आला की मेंदूत सीआरएफ नावाचं पेप्टाइड सुटतं. ही ४१ अमिनो आम्लांची साखळी वायली व्हेल यांच्या गटाने १९८१ साली शोधली. तिच्या इशाऱ्यावर पुढे मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. मेसेज लिहिणाऱ्याचं वाचन इथेच थांबलंय. हेच सीआरएफ अमिग्डालासारख्या भागांत, भीती आणि अस्वस्थता जिथे घडते तिथे, थेटही काम करतं. त्याच तिघांनी १९९८ मध्ये काही उंदरांच्या ॲड्रिनल ग्रंथी काढून टाकल्या आणि उंदरांमधल्या कॉर्टिसॉलसारख्या हार्मोनची फक्त नेहमीची पातळी बाहेरून राखली. म्हणजे झटका बसल्यावर हार्मोन उसळायला जागाच नव्हती. तरी ते धडधाकट उंदरांइतकेच दांडीकडे वळले. मेंदूत सीआरएफला अडवणारं द्रव्य सोडलं, तेव्हा मात्र झटक्यांचा तो परिणाम थांबला. हार्मोन अजिबातच नसेल तर तो थांबतो, हेही त्यांनी नोंदवलंय. पण काढ्याने काही ॲड्रिनल ग्रंथी निघत नाहीत. मग काढ्याच्या भरवशावर उपचार कसले सोडायला सांगता?

मान्य, उंदीर म्हणजे माणूस नव्हे. सीआरएफ अडवून माणसाचं कोकेन सोडवणारं मान्यताप्राप्त औषध अजून आलेलं नाही. झोप, व्यायाम, प्राणायाम यांनी जीव शांत होत असेल तर जरूर करा. पण समुपदेशन सोडून नाही.

पोलिस केसची भीती घालणं तर निव्वळ चूक. डॉक्टरकडे जाणं हा गुन्हा नाही. उलट स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४ अ काही अटींवर खटल्यापासून संरक्षण देतं. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, तिथे विचारा.

आणि घराबाहेर काढा? भावाने मला स्लिपच्या दिवसाचं सांगितलं. कर्जवसुलीवाल्याने फोनवर आईवरून शिवी दिली. फोन ठेवला आणि जीभ बधिर झाल्यासारखी वाटली, कोकेन घेतल्यावर व्हायची तशी. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. एका फोनने ज्याची ही गत झाली, त्याला रात्री दाराबाहेर उभं करायचं आणि त्याला उपचार म्हणायचं? ज्या झटक्याने तो घसरला, त्याहून मोठा झटका तुम्ही त्याच्या आईच्या हातून द्यायला सांगताय.

आत्याला सांगितलं, कुलूप तेच राहू दे. सकाळी त्याच्या समुपदेशकाला फोन लाव, स्लिप झाली म्हणून सरळ सांग. वसुलीवाल्यांचे फोन महिनाभर माझ्या नंबरवर वळव.