युनियनविना कामगारकल्याण: व्यवस्थापकांस हितोपदेश

आपल्या कामगारांचे भले व्हावे असे आपणांस मनापासून वाटते, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. फक्त ते भले त्यांनी मागून होऊ नये, आपण दिल्यावर व्हावे, एवढीच आपली माफक अपेक्षा असते. ती पुरी होण्यासाठी एक पथ्य कटाक्षाने पाळावे. कामगाराला नेहमी एकेकटे गाठावे. रात्रपाळीनंतर झोप लागत नाही, असे एक जण सांगतो तोवर तो त्याचा नाजूक स्वभाव असतो. तेच तीस जणांनी सह्या करून सांगितले की तो पाळ्यांच्या वेळापत्रकाचा प्रश्न होतो आणि मग ते वेळापत्रक टेबलावर काढावे लागते.

ताणावर श्वसनाच्या शिबिरासारखा उपाय नाही. ते जेवणाच्या सुट्टीत ठेवावे, म्हणजे कामात खंड पडत नाही आणि रिकाम्या पोटी श्वासही खोल जातो. अडचण इतकीच की, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामाच्या अतिताणातून येणाऱ्या थकव्याला आजार न म्हणता कामाशी निगडित बाब म्हटले आहे. दोष कामगाराच्या फुप्फुसात नसून कामाच्या मांडणीत असावा, असा वाह्यात अर्थ त्यातून निघतो आणि युनियनचा प्रतिनिधी नेमका तोच काढतो.

समानतेचे पोस्टर मात्र अवश्य लावावे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५१ च्या करारात स्त्रीपुरुषांना समान मूल्याच्या कामाचा समान मोबदला सांगितला आहे. तेव्हा काम तेच ठेवून बाईंना ‘मदतनीस’ आणि शेजारच्या गृहस्थांना ‘तंत्रज्ञ’ म्हणावे. दोन्ही कामांचे मूल्य शेजारी शेजारी मांडून पाहायला कुणी बसत नाही. बसलेच, तर ते युनियनवालेच असतात, दुसऱ्या कुणाला एवढी सवड कुठली? चाकाच्या खुर्चीसाठी उतारही बांधावा, त्याच्या तोंडाशी शोभेची कुंडी ठेवून छायाचित्र काढावे आणि कुंडी तिथेच राहू द्यावी.

छळाच्या तक्रारींसाठी पेटी हवीच. तिची किल्ली पर्यवेक्षकाकडे असावी, कारण बहुतेक चिठ्ठ्या त्यांच्याविषयीच असल्याने त्यांना संदर्भ चटकन लागतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचाच २०१९ चा, कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धचा करार क्रमांक १९० कुणाच्या हाती लागू देऊ नये. एकदाच घडलेले वर्तनही छळ ठरू शकते, प्रसाधनगृह आणि कामानिमित्तचा प्रवासही कामाच्या कक्षेत येतो, इतकेच काय, शिकाऊ उमेदवारालाही संरक्षण आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. इतके स्पष्ट लिहिण्याची गरज होती का, असा प्रश्न आम्हालाही पडला.

एवढे करूनही युनियन झालीच, तर लगेच धीर सोडू नये. बैठक रात्री नऊला ठेवायची, व्यासपीठावर सगळे पुरुष आणि महिला आघाडीकडे पाहुण्यांचे स्वागत, ही परंपरा तिने जपली असेल तर आपले निम्मे काम तीच करून देईल; घरी मूल टाकून येऊ न शकणारी बाई आणि जिना चढू न शकणारा कामगार त्या बैठकीला नसतात आणि त्यांच्या मागण्याही मग इतिवृत्तात येत नाहीत. पण कधी बैठक तळमजल्यावर दुपारी भरली, मुलांना सांभाळायला माणूस नेमला आणि मागणीपत्रावर पहिली सही त्या ‘मदतनीस’ बाईंची दिसली, तर पुढच्या शिबिरात पहिल्या रांगेतली एक सतरंजी स्वतःसाठी राखून ठेवावी.