दाबोळीच्या सुपर कॉन्स्टेलेशनवर छप्पर हवंच

लॉकहीड कॉन्स्टेलेशन या चार इंजिनांच्या जुन्या प्रवासी विमानाचा विषय निघाला की सगळे त्याच्या रूपावरच बोलतात. रूप देखणं आहेच. शेपटीचे ते तीन पंख मात्र शोभेचे नव्हेत. एकच उंच पंख दिला असता तर विमान त्या काळच्या हँगरच्या दारातून आत गेलं नसतं. ८ जून १९४८ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं, तेही याच जातीचं.

पण माझ्या मते या विमानाचं मोठेपण आणि दुखणं, दोन्ही त्याच्या राइट आर-३३५० इंजिनात आहे. नऊ-नऊच्या दोन रांगांत १८ सिलिंडर. प्रत्येकाला इंधन पेटवणारे दोन प्लग, म्हणजे चार इंजिनांचे १४४. मागच्या रांगेला हवा कमी पोचते, ती आधी तापते. इंजिन बंद असताना तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तेल दाबलं जात नाही, त्यामुळे तसंच चालू केलं तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकतो. म्हणून आधी इग्निशन (प्लगची ठिणगी) बंद ठेवून स्टार्टरने पंखा (प्रोपेलर) फिरवायचा, पाती मोजायची, कुठे अडत नाही याची खात्री करायची आणि मगच प्लगला वीज देणारा मॅग्नेटो लावायचा.

पुढच्या सुपर कॉन्स्टेलेशनमध्ये धुराड्यातून वाया जाणारी ताकद परत मिळवायला प्रत्येक इंजिनावर तीन टर्बाइन बसवले. एकेकाची सुमारे १५० अश्वशक्ती थेट क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, मिळे. पल्ला वाढला, पण तापणारे आणि झिजणारे भागही वाढले. फ्लाइट इंजिनियर उडत्या विमानात इग्निशन अ‍ॅनलायझरच्या पडद्यावर एकेका प्लगची ठिणगी तपासत बसे. या विमानांचं श्रेय वैमानिकाइतकंच त्याला द्यायला हवं. ते फारसं कुणी देत नाही, याचं वाईट वाटतं.

एअर इंडियाची काही सुपर कॉन्स्टेलेशन हवाई दलाकडे गेली आणि १९७६मध्ये समुद्री टेहळणीसाठी नौदलाकडे आली. त्यातलं एक दाबोळीच्या नौदल हवाई संग्रहालयात उघड्यावर उभं आहे, समुद्राजवळ. खारी हवा आणि पाऊस पत्र्यांच्या जोडांत शिरले की अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, रिव्हेटभोवती पत्रा फुगतो. वरून रंग मारला की ओल आत कोंडते आणि पत्रा आतून सडत जातो. अशा विमानाला गोड्या पाण्याने नियमित धुणं, धुराड्यांची तोंडं बुजवणं, पंखांतली पाणी निचरायची भोकं मोकळी ठेवणं, एवढं तरी लागतंच. गोव्याच्या पावसात डोक्यावर छप्पर नसेल तर यातलं काहीच फार दिवस पुरणार नाही. तेव्हा पुढच्या रंगकामाआधी छपराचे पैसे मंजूर व्हावेत.