पानशेतची ओल

वॉलपेपर लावणाऱ्या कारागिराने, आजारी माणसाचा ताप पाहावा तसा, आमच्या भिंतीला उलटा हात टेकवला आणि "ही आधी सुकवा, मग बोलवा" एवढे सांगून तो चहाही न घेता निघून गेला. दहा मीटरच्या सात गुंडाळ्या मी आधीच आणून ठेवल्या होत्या, आणि त्या परत घेतल्या जाणार नाहीत ही पाटी दुकानात माझ्या डोक्यावरच टांगलेली होती.

नारायण पेठेतले आमचे घर चुन्यात बांधलेल्या विटांचे. त्या विटा पावसाळ्यात पाणी पीत आणि उन्हाळ्यात सोडून देत; पण वडिलांनी हौसेने त्यांवर सिमेंटचा गिलावा आणि वर तैलरंग चढवला, तेव्हापासून आत शिरलेल्या पाण्याला बाहेरची वाट उरली नाही. पोपडे खरवडण्यात माझे चार रविवार गेले. मात्र ओल जमिनीतून चढते की न्हाणीघरातली वाफ उत्तरेच्या गार भिंतीवर येऊन जमते, हे ठरल्याशिवाय पुट्टीला हात घालण्यात अर्थ नव्हता. म्हणून अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवला. दोन दिवसांनी पाणी मागच्या बाजूला निघाले तर दोष भिंतीचा, पुढच्या बाजूला निघाले तर आमच्या अंघोळींचा.

दुसऱ्याच सकाळी माडीवरचे काका नेहमीप्रमाणे आमचे वर्तमानपत्र वाचायला आले.

"हे काय, भिंतीला पोळ्यांचा डबा दिलास?"

मी सगळे समजावून सांगितले आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेलो. परत येतो तो काकांनी फॉइल सोलून काढली होती आणि खांद्यावरच्या पंचाने ते ती पुसत होते.

"ओली होती रे!"

"कोणती बाजू, काका?"

"दोन्ही पुसल्या."

"पण ओली कोणती होती?"

"आता कोरडी आहे की!"

एवढ्यावर न थांबता त्यांनी भिंतीवरची पांढरी भुकटी नखाने खरवडली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. "खारट. हे पानशेतचे पाणी. धरण फुटले, १२ जुलै १९६१. त्या खिडकीच्या वर होते."

"त्याला साठ वर्षे उलटून गेली, काका."

"मग? तुझ्या वडिलांनी सिमेंट लावून कोंडले ना ते! आता तिथे कपाट सरकव आणि मोकळा हो."

कपाटामागे वारा खेळत नाही आणि बुरशी दुप्पट जोमाने धरते, हे मी आजवर तीन कपाटे सरकवून शिकलो आहे. राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा आला. पाणी उडून गेले तरी त्याने आणलेला क्षार विटेतच राहतो आणि दमट हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेतो, त्यामुळे काकांचे म्हणणे तारखेपुरते सोडले तर निम्मे बरोबर होते. फक्त माझी फॉइल हातात धरून ते बरोबर असण्याचा त्यांना काही एक अधिकार नव्हता.

आता नवी फॉइल लावली आहे आणि दाराला आतून कडी. कारागीर फोन उचलत नाही; त्याने आगाऊ नेलेले पाचशे रुपये बहुधा सुकले असावेत. काल रात्री सगळे झोपल्यावर मी त्या भिंतीवरून हळूच नख फिरवले आणि जिभेला लावले.

खारटच होते.