दोन तारे देणाऱ्या वाचकास, प्रकाशकाकडून

नमस्कार.

स्थूल अर्थशास्त्राच्या आमच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकाला तुम्ही दोन तारे दिलेत आणि ‘परीक्षेपुरतं पुरेल, समजायला नाही’ असा शेरा मारलात. झोंबला. तुमचा एकेक मुद्दा लेखकांबरोबर बसून पुस्तकाशी ताडून पाहिला, म्हणून उत्तराला उशीर झाला.

पैशाच्या प्रकरणात बँक कर्ज कसं देते ते चुकीचं सांगितलंय, हे तुमचं सगळं म्हणणं मान्य. आमच्या पुस्तकात १००० ची ठेव येते, बँक दहा टक्के राखून ९०० कर्जाऊ देते, ते दुसऱ्या बँकेत जमा होतात, मग ८१०, मग ७२९, असं करत एकूण ठेवी १०,००० वर पोचतात. हिशेब चोख आहे, पण बँक अशी चालत नाही. कर्ज दिलं की बँक कर्जदाराच्या खात्यात तेवढी रक्कम जमा टाकते. कर्ज ही बँकेची मालमत्ता, ठेव हे तिचं देणं, आणि दोन्ही नोंदी एकाच वेळी होतात. आधी कुणाची ठेव येईल याची वाट बघत बसावं लागत नाही. तिला लगाम असतो तो व्याजदराचा, भांडवलाच्या नियमांचा आणि कर्ज फेडू शकेल असं गिऱ्हाईक मिळण्याचा. ब्रिटनच्या मध्यवर्ती बँकेने, बँक ऑफ इंग्लंडने, २०१४ मध्ये आपल्या त्रैमासिकात हे सरळ सांगितलं. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, ठेवींचा ठरावीक हिस्सा राखून ठेवण्याचं बंधनच शून्यावर आणलं. आता ठेवी किती पट होतील ते सांगणाऱ्या आमच्या ‘एक भागिले राखीव प्रमाण’ या सूत्रात तो शून्य घालून बघा! शिकवायला सोपं म्हणून लेखकांनी ते ठेवलं आणि मीही मान डोलावली. सोपं करून सांगायला हरकत नाही, पण पुढच्या वर्गात पुसून टाकावं लागेल असं पहिल्याच वर्गात शिकवू नये. हे प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं आहे.

फिलिप्स वक्राबाबत, म्हणजे बेरोजगारी घटली की मजुरी किंवा महागाई वेगाने वाढते असं दाखवणाऱ्या आलेखाबाबत, मात्र पटत नाही. ‘मेलेला वक्र कशाला, आणि उभ्या अक्षावर महागाईऐवजी मजुरी का?’ असं तुम्ही विचारलंत. फिलिप्स यांच्या १९५८ मधल्या मूळ लेखात ब्रिटनची १८६१ ते १९५७ ची आकडेवारी आहे आणि तिथे बेरोजगारीसमोर मजुरीवाढीचाच दर मांडलाय. महागाई नंतरच्यांनी आणली. आमचा अक्ष बरोबर आहे; खाली एक ओळ टाकायला हवी होती, ती राहिली. आणि वक्र मेला म्हणूनच तो हवा. महागाईबद्दलच्या लोकांच्या अपेक्षा बदलल्या की वक्रच सरकतो, हे फ्रीडमन आणि फेल्प्स या अर्थतज्ज्ञांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सांगितलं. सत्तरच्या दशकात अनेक देशांत महागाई आणि बेरोजगारी जोडीने वाढली. आकड्यांतून दिसणारं नातं कसं तुटतं, हे विद्यार्थ्याला याहून स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

एक चूक तुमच्या नजरेतून सुटली, ती आम्हीच सांगतो. जीडीपीच्या, म्हणजे देशातल्या एकूण उत्पादनाच्या, प्रकरणात ‘आयात वाढली की जीडीपी घटतो’ असं छापलंय. चूक आहे. १०० चा आयात केलेला फोन कुणी घेतला, तर उपभोगात १०० मिळवले जातात आणि आयातीत तेच १०० वजा होतात. परिणाम शून्य. देशात न बनलेली वस्तू मोजणीतून काढून टाकायची, एवढंच त्या वजाबाकीचं काम.

गणित कमी आहे असं तुम्ही म्हणता, ते जाणूनबुजून. तुमची पानं सुटलेली प्रत बदलून देऊ.

राहिली गुणकाची उत्तरं, जी तुमच्या उत्तराशी जुळली नाहीत. खर्च किंवा कर बदलला की देशाचं उत्पन्न किती पटीने बदलतं, तो गुणक. सीमांत उपभोग प्रवृत्ती, म्हणजे वाढलेल्या प्रत्येक रुपयातला खर्च होणारा वाटा, ०.७५ धरली, तर सरकारी खर्चाचा गुणक ४ येतो आणि कराचा उणे ३. उत्तरसूचीत सातव्या आणि आठव्या प्रश्नाची उत्तरं उलटसुलट छापली गेली आहेत. तुमचं ४ बरोबर होतं. शुद्धिपत्र छापायला टाकलंय, जीडीपीची आणि उत्तरसूचीची, या दोन्ही चुका त्यात दुरुस्त केल्या आहेत.